निकामी ठरलेला तुकडा

मारधाडीच्या बोलपटांची जाहिरात म्हणून चित्रगृहात मुख्य चित्राच्या आधी जो लहानसा तुकडा दाखवतात, त्याच्याविरुद्ध मी आजवर जितकी पत्रे लिहिली, तितकी स्वतःच्या जमिनीच्या तंट्यातही लिहिली नसतील. बोलपट कंपन्यांची माणसे त्याला ट्रेलर म्हणत. आमच्या साताऱ्याकडे चाळीसच्या दशकात लोक त्याला सरळ 'नमुना' म्हणत, आणि कायद्याच्या दृष्टीने तोच शब्द अचूक आहे. व्यापाऱ्याने मूठभर गहू दाखवून पोते विकले, तर पोत्यातला गहू मुठीतल्यासारखाच निघाला पाहिजे. तसा तो नसेल, तर घेणाऱ्याला माल नाकारण्याचा अधिकार आहे. गव्हाला लागू असलेला हा न्याय बोलपटाला का नाही, एवढाच माझा प्रश्न असे. एका संपादकाने मला उलट विचारले होते की, आपण बोलपट पाहता काय? मी पाहत नाही, असे प्रामाणिकपणे कळवले. त्यावर त्यांनी विचारले, मग आपला एवढा संताप कशासाठी? त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना पाठवले नाही. ते उत्तर माझ्या घरातले आहे.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, साताऱ्याच्या कोर्टात कारकून होते. साक्षीदाराला शपथ देण्याचे काम त्यांच्याकडे असे. खेड्यातली शेती भाऊबंदांकडे सोडून सरकारी नोकरीत आलेला आमच्या घराण्यातला हा पहिलाच माणूस. त्यामुळे आपल्याकडे चार लोक पाहतात, हे त्यांना झोपेतही विसरता येत नसे. मी त्यांचा धाकटा मुलगा, वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. माझ्या पाठची एक बहीण होती. आणि सर्वांत थोरला दादा, ज्याने शाळा सोडली आणि घोडे सोडले नाहीत. औंधाजवळ आमच्या मामांकडे एक तट्टू होते. त्याच्यावर लहानपणापासून बसून बसून दादाची मांड अशी पक्की झाली होती की, तो चालताना अवघडलेला वाटे आणि घोड्यावर बसला की देखणा दिसे. युद्ध सुरू झाल्यावर तो कोल्हापूरला गेला. कुणा सरदाराच्या पागेत नोकरी लागली, असे त्याने घरी सांगितले होते. ते खोटे नव्हते. फक्त पागा एका बोलपट कंपनीची होती.

हे मला कळले ते साताऱ्याच्या चित्रगृहात. परीक्षेच्या अभ्यासातून एक दुपार मोकळी काढून मी एका मित्राबरोबर पौराणिक बोलपटाला गेलो होतो. आरंभी नमुना लागला. पडद्यावर वीज कडाडली आणि मोठाली अक्षरे प्रेक्षकांच्या अंगावर आली. मग एकदम शांतता. नदीचा घाट, घागर घेतलेली नायिका, मागे बासरी. आता काही होणार नाही, असे वाटावे इतपत ते लांबवले होते. तोच टापांचा आवाज सुरू झाला, घागर फुटली, ढोल वाजू लागला आणि त्यानंतर कोण कोणाला का मारतो आहे, याचा पत्ता लागेना. तलवार उगारलेली दिसली, पण लागलेली दिसली नाही. मशाल फेकलेली दिसली, आग कुठे लागली ते दिसले नाही. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा आखूड. शेवटी तटाच्या कठड्यावर नऊवारी लुगड्यातली नायिका चढली. खाली घोडा उधळत होता. तिने उडी टाकली, आणि हवेत असताना वाऱ्याने पदर उडाला, डोक्यावरचा केसांचा टोप मागे सरकला. क्षणभर जो चेहरा दिसला, तो नायिकेचा नव्हता. लगेच पडदा काळा झाला आणि 'लवकरच' एवढीच अक्षरे उरली.

पुढच्या बाकांवर शिट्ट्या वाजल्या. माझा मित्र माझ्याकडे वळून म्हणाला, "अरे, हा तर तुझा दादा. लुगड्यात."

मी म्हणालो, "छे."

"मग मिशी कुठं गेली त्याची?"

या प्रश्नाचा अर्थ आजच्या वाचकाला सांगावा लागेल. आमच्यात बाप जिवंत असताना मुलाने मिशी उतरवायची नसते. बापाच्या चितेला अग्नी देणाऱ्यानेच ती उतरवायची. बिनमिशीचा पुरुष गल्लीत दिसला की म्हाताऱ्या बायका हळूच विचारत, "वडील कधी गेले?" लुगडे एखाद्याने सोंग म्हणून खपवून घेतले असते. तमाशात काय नाचे नसतात? पण ओठावर मिशी नाही, हे सोंग नव्हते. ते आबांना जिवंतपणी मारणे होते, आणि तेही सातारच्या भर चित्रगृहात. मी उरलेला बोलपट पाहिला नाही. मित्राला पोट दुखते असे सांगून बाहेर पडलो आणि मागच्या गल्लीने घरी आलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा घरी आला. डावा खांदा बांधलेला, मिरजेच्या इस्पितळातून सुटलेला. मिशी फुटू लागली होती, पण ती पेरणीनंतरच्या वावरासारखी विरळ होती आणि लपत नव्हती. आबा कोर्टातून आले. त्यांनी पगडी खुंटीला लावली, दादाकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी मेलो का रे?"

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. त्या दिवसापासून आबा दादाशी थेट बोलेनासे झाले. "त्याला जेवायला वाढा," असे ते आईला सांगत, तो समोर पाटावर बसलेला असताना.

पडवीत बसून मी दादाला जे विचारले, ते सहानुभूतीने विचारले नाही, उलटतपासणी म्हणून विचारले. तो मात्र आवडीचा विषय निघाल्यासारखा उत्साहाने सांगू लागला. कंपनीत जोडणीची एक खोली होती. तिथे फिल्मचे तुकडे खिळ्यांना टांगलेले असत आणि खाली कापडाचे अस्तर लावलेली टोपली असे, म्हणजे तुकड्यांची शेपटे जमिनीला लागून ओरखडत नाहीत. खोगीर काढले की दादा तिथे जाऊन बसे.

"नमुना बांधायचा म्हणजे गोष्ट सांगायची नसते रे," तो म्हणाला. "आधीचं कारण काढून टाकायचं, नंतरचा परिणाम काढून टाकायचा. मधलं तेवढं ठेवायचं. माणूस उडाला की कापायचं. जमिनीवर पोचू द्यायचा नाही."

"का?"

"जमीन दिसली की बघणारा म्हणतो, झालं. मग तिकीट कशाला काढील? आणि ढोल मात्र तोडायचा नाही. डोळ्याला सतरा ठिकाणी कापलेलं दिसलं तरी चालतं. कानाला एकच वाटलं पाहिजे."

"सुरुवातीला तो घाट कशाला?"

"गप्प बसवायला. थोबाडीत मारायच्या आधी आपण गालावरून हात नाही का फिरवत?" असे म्हणून तो हसला आणि खांद्यातून कळ आली म्हणून थांबला.

मग त्याने जे सांगितले, त्याने माझे डोके फिरले. ती उडी त्याने दोनदा मारली होती. पहिल्या खेपेला तो घोड्यावर बरोबर उतरला, पण टोप सरकून चेहरा दिसला, म्हणून दिग्दर्शकाने ते चित्रण निकामी ठरवले. दुसऱ्या खेपेला टोप घट्ट बांधला. चेहरा दिसला नाही, पण घोडा सरकला आणि दादा फरसबंदीवर आदळला. खांदा मोडला तो तेव्हा. तशातही त्याने खोगिराची रिकीब धरून घोड्यावर मांड टाकली, म्हणून तो प्रसंग बोलपटात तसाच ठेवला. आता चांगले चित्रण बोलपटात गेल्यावर नमुन्याला काय उरले? लढाईमुळे कच्ची फिल्म मोजून मिळत होती. जोडणी करणाऱ्याने निकाम्या तुकड्यांचा डबा उघडला आणि पहिली उडी नमुन्यात लावून टाकली.

"चेहरा दिसतो म्हणून तुला दुसऱ्यांदा उडी मारायला लावली," मी म्हणालो, "आणि तोच चेहरा गावोगाव दाखवतात?"

"एवढुसा तर दिसतो. त्यांना वाटलं, कुणाच्या ध्यानात येणार?"

"तू नोटीस दे. मी मसुदा करतो. एकदा निकामी म्हटलेली गोष्ट पुन्हा वापरण्याचा त्यांना अधिकार नाही."

"आणि नोटिशीत काय लिहिणार? लुगडं नेसलेला तो मीच, असं?"

मसुदा तिथेच राहिला. पण राग होता, आणि तो कंपनीवर आहे, दादावर नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती मला फार सोयीची पडली.

याच वेळी बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. स्थळ सांगलीजवळच्या, कृष्णाकाठच्या एका गावचे. उसाची जमीन, घरात दोन पिढ्यांची पलटणीतली नोकरी, आणि मुलगा रजेवर आलेला. रजा संपण्याआधी लग्न व्हायचे होते. इतके चांगले स्थळ आबांच्या आवाक्यात पुन्हा येणार नव्हते. ते मोडले, तर दादाच्या मिशीमुळे मोडले असेच सगळे म्हणणार, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हते आणि सर्वांना ठाऊक होते.

बैठकीच्या दिवशी दादाला औंधला मामांकडे पाठवावे, असे आबांनी आईमार्फत सुचवले. बहिणीने चुलीपुढूनच सांगितले, "दादा नसेल, तर पोह्यांच्या बशा तुम्हीच बाहेर न्या." खांदा मोडलेल्या भावावर तिचा जीव होता. त्याच्या ताटातली भाकरी तीच कुस्करून देत असे. आबांनी हट्ट सोडला. दादाने खांद्यावर उपरणे घेतले आणि भिंतीकडेला बसला.

पाहुण्यांत नवऱ्या मुलाचे वडील, त्यांचे धाकटे भाऊ आणि गावचे दोघे जण होते. मुलाचे वडील घोडदळातले पेन्शनर शिपाई, पांढऱ्या कल्लेदार मिशांचे. देण्याघेण्याचे बोलणे चटकन मिटले. पोहे झाले. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि दादाकडे पाहत विचारले, "पावनं, एक इचारू? सांगलीत त्यो नमुना लागलाय बगा, तटावरनं घोड्यावर उडी टाकत्यात. त्यो उडी टाकणारा तुमच्यातलाच का?"

आबांचा चेहरा उतरला. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून खरे बोलण्याची शपथ घेववली, त्यांना नाही म्हणवेना आणि होही म्हणवेना. मी घसा साफ करून बोलू लागलो, की मूळ बोलपट हाच खरा पुरावा, नमुना ही केवळ नक्कल, आणि मूळ बोलपटात कोणाचाच चेहरा दिसत नाही. माझे वाक्य पुरे होण्याआधीच दादा म्हणाला, "न्हाई. मी न्हवं. कोल्हापूरचा कुणीतरी असंल."

पाहुण्याने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले. "आसं व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं तुमीच. खांद्याला काय झालं?"

"तट्टावरनं पडलो. मामाच्या."

"तट्टावरनं," ते म्हणाले आणि पुन्हा बशी उचलली.

सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर आबांनी बैठकीचा तक्क्या स्वतः झटकला आणि, घरात बोलणे बंद झाल्यापासून प्रथमच, दादाला थेट उद्देशून म्हणाले, "बरं झालं." दादाने मान हलवली. मला सुटल्यासारखे वाटले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्या सुटकेचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते. माझ्या भावाने स्वतःला नाकारले, आणि मी त्याकडे अडचणीतून निघालेला तोडगा म्हणून पाहिले.

लग्न ठरल्याप्रमाणे झाले. कानपिळीचा मान थोरल्या भावाचा. दादा उजव्या हाताने नवरदेवाचा कान पिळायला वाकला. नवरदेव मोठ्याने म्हणाला, "हळू, मेव्हणं. कान हाय ह्यो. लगाम न्हवं."

मांडवात हशा पिकला. करवल्यांनी टाळ्या वाजवल्या. दादाही हसला, पण त्याचा हात थांबला होता आणि नजर आबांकडे गेली होती. आबा अक्षतांच्या ताटात पाहत होते. दादाने कान आणखी एकदा हलकेच पिळला, मानाचा शेला घेतला आणि मागे सरला. मी जवळच उभा होतो. नवरदेवाची थट्टा कोणत्याही मेव्हण्याला लागू पडेल अशी आहे, असा मी मनातल्या मनात युक्तिवाद केला.

लग्नानंतर बहिणीला माहेरी आणायला मी सांगलीकडे गेलो. जावई पलटणीवर परतले होते. त्यांच्या वडिलांनी मला जेवू घातले, ऊस खायला दिला, आणि दुपारी म्हणाले, "चला, सांगलीला जाऊन येऊ. त्यो बोलपट लागलाय. म्या येकदा पायलाय, पर तुमी पायला न्हाई." नाही म्हणायला मला कारण सुचले नाही.

पुढच्या वर्गात गर्दी होती, आम्ही मागे बसलो. बोलपट सुमार होता. मग तट दिसू लागला. या वेळी उडी कापलेली नव्हती. लुगड्यातली आकृती कठड्यावर चढली. पदर तोंडावर ओढलेला होता. ती खाली आली, घोडा सरकला, खांदा फरसबंदीवर आदळला. चित्रगृहात कोणी शिट्टी वाजवली नाही. ती आकृती लोळण घेत उठली, एका हाताने रिकीब धरली, आणि पळत्या घोड्याबरोबर चार ढांगा घेऊन वर चढली. मग लोकांनी आरडाओरडा केला.

"बगितलंसा?" पाहुणे माझ्याकडे वाकून म्हणाले. "घोडं सरकलं, खांदा ग्येला, तरी रिकीब सोडली न्हाई. आमच्या रिसाल्यात आसं गडी बोटावर मोजाय मिळायचं."

मी म्हणालो, "डावा खांदा."

"म्हायती हाय," ते म्हणाले. "माजा धाकटा भाऊ मिरजंच्या दवाखान्यात हुता तवा. बाजूच्याच खाटंवर. तुमच्या दादांनी त्येला समदं सांगितलं हुतं. त्येनं घरी यिऊन सांगितलं, म्हणून तर आमी तुमच्या दारात आलो."

पडद्यावर नायिका आता स्वतःच्या चेहऱ्याने गात होती. मी विचारले, "मग तुम्ही बैठकीत का विचारलंत?"

त्यांनी मला उत्तर द्यायला वेळ घेतला. वयाने मोठा माणूस लहानाला दुखवायचे नाही म्हणून घेतो, तसा. "म्हटलं, चार मानसांत नाव काढावं. पोराला बरं वाटंल. आणि तुमच्या आबास्नी पण." मग म्हणाले, "मिशीचं म्हनाल, तर माजा थोरला पोरगा नाटकात द्रौपदी करायचा. त्येची मिशी म्याच काढली हुती, वस्तरा घिऊन. आन् म्या हाय की अजून."

मी त्यांच्या बाजूला बोलपट संपेपर्यंत बसून होतो. बैठकीतले माझे ते वाक्य, मूळ आणि नकलेचे, त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले होते. ऐकताना त्यांना सगळे माहीत होते.

दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन मी साताऱ्याला आलो आणि पडवीत दादाला सगळे सांगितले. आबा आत बसले होते, दार उघडे होते. दादा म्हणाला, "त्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला बैठकीत मी ओळखलं होतं. पोहे खाताना त्यानं मला डोळा घातला. मला वाटलं, सांभाळून घे म्हणतोय." आणि थोड्या वेळाने, "उद्या जाऊन येतो मी तिकडं."

आत आबांची खाट करकरली. ते दारात आले. दादाकडे न पाहता, पण त्यालाच, म्हणाले, "पहिल्यांदा जातोयस. रिकाम्या हातानं जाऊ नको. पेढे घे."

सकाळी मी दादाबरोबर बाजारात गेलो. हलवायाने कंदी पेढे तोलले, पुडा बांधता बांधता दादाच्या खांद्याकडे पाहिले, मग ओठाकडे, आणि मला विचारले, "काय वकीलसाहेब, काय विशेष?"

दादा पुड्यासाठी हात पुढे करून उभा होता. 'ती उडी माझ्या दादाची' एवढे एकच वाक्य सांगायचे होते आणि ते सर्वस्वी खरे होते.

"विशेष काही नाही," मी म्हणालो.